अनंतपूर वाळवंट नाही

"जैसलमेरनंतर देशात सर्वांत कमी पाऊस आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात पडतो. तिथं आता वाळूच्या टेकड्या उभ्या राहताहेत. भुईमुगाशिवाय काही पिकत नाही, माणसं गाव सोडून चालली आहेत. निसर्गच रुसला, तिथं कोण काय करणार?" अशा अर्थाचा मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. तो वाचून हळहळणारे पुष्कळ, तपासणारे थोडे. मला त्यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त खटकतो.

आधी पाऊस. अनंतपूरची वार्षिक सरासरी साधारण 550 मिलिमीटर आहे. जैसलमेरला 200 मिलिमीटरही होत नाही. बिकानेर, बाडमेरला अनंतपूरच्या निम्म्याच्या आसपास, तर लेहला जेमतेम 100. मग दुसरा क्रमांक आला कुठून? आपल्या माण, आटपाडी, सांगोल्याचा पाऊसही याच मापातला. त्यांना आपण दुष्काळी म्हणतो, वाळवंट म्हणत नाही.

अडचण पावसाच्या वेळेत आहे. नैऋत्य मोसमी ढग पश्चिम घाटावरच रिते होतात, आणि ईशान्येकडचा पाऊस किनाऱ्यापासून इतक्या आत फारसा पोचत नाही. पेरणी जून-जुलैत होते, पावसाचा जोर मात्र सप्टेंबरात. मधल्या ऑगस्टमध्ये कधी कधी तीन-तीन आठवडे थेंब नाही. नेमका तेव्हाच भुईमूग फुलून आऱ्या सोडत असतो. फुलातून निघालेली ती नाजूक आरी मातीत शिरली तरच शेंग धरते. इथली तांबडी, उथळ जमीन थोड्या उन्हात दगडासारखी होते. आऱ्या वरच्या वर लोंबकळून वाळतात. पुढे सप्टेंबरात धो धो पडला की झाड हिरवंगार होतं, उपटून बघावं तर खाली दोन-चार शेंगा. सरकारी नोंदीत पाऊस 'सरासरीइतका' आणि शेतकरी कर्जात.

भुईमुगाशिवाय काही पिकत नाही, हे तर साफ उलटं आहे. इथं राळा, नाचणी, ज्वारी, तूर, कुळीथ असं मिसळून पेरायची रीत होती. एक गेलं तरी दुसरं हाताला लागायचं. तेलबियांना भाव आला, 1986 मध्ये केंद्राचं तेलबिया अभियान आलं, अनुदानाचं बियाणं मिळू लागलं आणि लाखो हेक्टरांवर एकच पीक पसरलं. त्यातही कित्येक वर्षं 1940 मध्ये आलेला टीएमव्ही-2 हाच वाण. सगळा जिल्हा एका डावावर लावला गेला. 1990च्या दशकाच्या शेवटापासून इथं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची रांग लागली, तिचा दोष एकट्या आभाळाला देता येत नाही.

आज याच जिल्ह्यात मोसंबी, केळी, डाळिंब होतं. जानेवारी 2020 मध्ये ताडिपत्रीहून 980 टन केळी घेऊन खास गाडी आपल्या न्हावा-शेव्याला आली होती. अर्थात हे बोअरचं पाणी आहे, आणि बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत. केळी हे उत्तर आहे असं मी म्हणणार नाही.

वाळूच्या टेकड्या खऱ्या आहेत, पण त्या बोम्मनहाळ भागात, दर्गा होन्नूरसारख्या काही गावांत. ती वाळू वेदवतीच्या कोरड्या पात्रातून वाऱ्याने शेतात येते. तेवढ्यावरून अख्ख्या जिल्ह्याला थरचं वाळवंट ठरवायचं?

शिवाय अनंतपूर हे नावच अनंतसागर तलावावरून पडलं. हा तलाव चौदाव्या शतकातला, विजयनगरच्या बुक्करायाच्या काळचा. शेजारी बुक्करायसमुद्रम. पाऊस लहरी आहे हे ओळखूनच त्या लोकांनी जागोजागी चेरुवु, म्हणजे तलाव, बांधले. 1565 मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगर पडलं, तेव्हा राजधानी हलली ती पेनुकोंड्याला, याच मुलखात (2022 पासून तो भाग श्री सत्यसाई जिल्ह्यात आहे). ओसाड माळावर कुणी राजधानी नेत नाही. पुढे तलाव गाळाने भरले, त्यांना पाणी आणणारे ओढे बुजले.

माणसं गाव सोडतात, हे मात्र खरं. बेंगळुरू जवळ आहे. आईबाप बांधकामावर जातात, घरी म्हातारी आणि मुलं राहतात. मुलींची शाळा सुटते, लग्नं लवकर उरकली जातात. फिरत्या मजकुरात याबद्दल एक ओळ नसते.

आणि "कोण काय करणार" याचं एक उत्तर तर आपल्याच मनमाडहून गेलं आहे. व्हिसेंट फेरर हे स्पॅनिश धर्मगुरू मनमाडच्या शेतकऱ्यांसोबत विहिरी खोदत होते. 1968 मध्ये त्यांना देश सोडायला सांगितलं गेलं, तेव्हा शेतकरी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले. ते परत आले आणि 1969 मध्ये अनंतपूरला गेले. 2009 मध्ये मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षं, ते तिथंच राहिले. बंधारे, शाळा, घरं आणि बत्तलपल्लीचं रुग्णालय त्याच जमिनीवर उभं राहिलं.