फोटोतला मुलगा आणि भावाचा प्रश्न

घरच्या ग्रुपवर २५ एप्रिलला मी एका लहान मुलाचा फोटो टाकला. गाल लालबुंद, चेहरा गोल. गेधुन चोएकी न्यिमा त्याचं नाव, आणि तो त्याचा वाढदिवस. तिबेटी बौद्धांत दलाई लामांच्या खालोखाल मान पंचेन लामांचा. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी या सहा वर्षांच्या मुलाला पंचेन लामा म्हणून जाहीर केलं आणि तीनच दिवसांत चिनी सरकारनं त्याला आईवडिलांसकट उचललं. त्यानंतर तो जगाला दिसलेला नाही. त्याच्या सुटकेच्या अर्जावर सह्या करा, एवढंच मी लिहिलं होतं.

भावाचा फोन आला. तो नुकताच उन्हाळी धानाला पाणी देऊन आला होता. म्हणाला, "बाई, तुया सहीनं का होते? चीनवाले का तुये अर्ज वाचत बसले आहेत? अन् आपल्या इथं खटला न चालता पडून आहेत, त्याहिचं कोन पाहील?"

माझं माहेर विदर्भातलं, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. गोठणगावची तिबेटी वसाहत तिथून सायकलनं जाण्यासारखी. १९७२ पासून ही माणसं आमच्या जंगलाकाठी राहतात, हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. बाबांनी माझा पहिला स्वेटर त्यांच्याकडूनच घेतला. तिथल्या एका म्हातारीच्या घरी हाच फोटो भिंतीवर होता. आम्ही पोरी गेलो की ती पट्ट्यापट्ट्यांच्या एप्रनच्या टोकानं त्याची काच पुसायची, मग चहा टाकायची. मला वाटायचं, तिचा नातू असेल. एकदा विचारलं तर म्हणाली, "अभी घर नहीं आया." पुढं काही बोलली नाही.

आता मी टोरांटोत पार्कडेलला राहते. इथं तिबेटी इतके आहेत की या भागाला छोटं तिबेट म्हणतात. मोमोच्या दुकानात गल्ल्याच्या मागं तोच फोटो दिसला आणि मी पैसे द्यायचं विसरून उभी राहिले. फोटोतला मुलगा तेवढाच राहिला. खरा असेल तिथं त्याची तिशी उलटून गेली. २०२० मध्ये चीननं सांगितलं की तो पदवीधर आहे, नोकरी करतो, त्याला कुणी त्रास दिलेला नको आहे. मग त्याला स्वतःच्या तोंडानं तसं सांगू द्यायला काय हरकत आहे?

भावाचा पहिला प्रश्न मी मनातून काढू शकले नाही. २००९ च्या जूनमध्ये पाकिस्तानी पंजाबात आसिया बीबी ही शेतमजूर बाई फालसे तोडत होती. भर उन्हात तिनं पाणी आणलं आणि त्याच भांड्यातून स्वतः प्याली. सोबतच्या बायका म्हणाल्या, तू ख्रिश्चन, तुझ्यानं पाणी बाटलं. त्या भांडणातून धर्मनिंदेचा खटला झाला आणि २०१० मध्ये फाशीची शिक्षा. वेगळ्या पेल्याची गोष्ट आपल्या गावात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर तिच्या बाजूनं बोलले, तर जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकानं त्यांना गोळ्या घातल्या. दोन महिन्यांत मंत्री शाहबाज भट्टींनाही मारलं. ३१ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं आसियाला निर्दोष सोडलं आणि पुढच्या वर्षी ती कॅनडात आली. तिच्यासाठी जगभर ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. सही ज्याला फुकट पडते त्यानं ती करायचा कंटाळा करावा, हे मला पटत नाही.

धर्मावरून माणसांना छळण्याच्या बाबतीत कॅनडाही धुतल्या तांदळासारखा नाही. १९४० ते १९४३ या देशानं यहोवाचे साक्षीदार या घरोघर प्रचार करणाऱ्या ख्रिस्ती पंथावर बंदी घातली होती. आज तीच माणसं शनिवारी माझं दार वाजवतात. त्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशात त्यांच्यातल्या तिघांनी श्रद्धेपायी हातात बंदूक घ्यायला नकार दिला म्हणून १९९४ ते २०२० अशी २६ वर्षं कोठडीत काढली, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी इतकी वर्षं लिहीत राहिलं याचं मला मोल वाटतं.

भावाचं दुसरं म्हणणं मात्र बरोबर आहे. आपल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत. लांबच्या माणसासाठी लिहिणं सोपं, तालुक्यातल्या माणसासाठी लिहिलं की ठाणेदार ओळखीचा निघतो, सोयरे तोंड फिरवतात. गावात राहून जो तसं लिहितो त्याच्या सहीपुढं माझी काहीच नाही. पण म्हणून मी माझीही थांबवायची?

अर्जानं का होते, हे मात्र विदर्भानं विचारू नये. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटलं आणि इंग्रजांनी पुढं अनेकांना फाशी सुनावली. ते कैदी धर्मासाठी आत गेले नव्हते, कबूल. पण नागपूरच्या अनसूयाबाई काळे त्यांच्यासाठी वणवण फिरल्या, दयेचे अर्ज केले, आणि पुष्कळांच्या गळ्याचा फास सुटला. त्या अर्जांवरही तेव्हा कुणीतरी हेच म्हणालं असेल.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सही मी नाही करत, बाई. पन तू आली का गोठनगावले नेतो. त्या बुढीचं घर मले ठाऊक आहे."