पोराला पकडलं, पण त्याला पाठवणारा कुठाय?

दादा, "लाड पुरे झाले, सोळाच्या पोराला सरळ मोठ्यांच्या जेलात टाका," असं तुम्ही लिहिलंय. नागपूरच्या इतवारीत भरदिवसा तुमच्या बहिणीच्या हातातला मोबाईल हिसकावला आणि तो पोरगा आठवड्यात पुन्हा वस्तीत दिसला, तर चीड येणारच. तरी सगळ्या पोरांना एकाच मापाने मोजायला माझा ठाम विरोध आहे.

हिसकावण्यासाठी भारतीय न्याय संहितेत (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात) मोठ्या माणसालाही जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आहे. त्यामुळे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात हा गुन्हा किरकोळ गटात बसतो आणि पोराला सहसा जामीन मिळतो. अठराच्या आतल्यांची प्रकरणं पाहणाऱ्या बाल न्याय मंडळापुढची चौकशी त्यानंतरही चालू असते. खून-बलात्काराची गोष्ट वेगळी. किमान ७ वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्यात १६ ते १८ च्या पोरावर, मंडळाने आधी त्याची समज तपासून, मोठ्यांसारखा खटला चालवण्याची सोय आजही आहे. खुनाचा प्रयत्न मात्र यात येत नाही, कारण त्याला किमान शिक्षाच ठरलेली नाही. चाकूने वार झालेल्या माणसाच्या घरच्यांना हे पटणं कठीण आहे, तिथे तुमचा राग मला रास्त वाटतो.

पण अशा पोरांशी बोलताना मला दरवेळी मागे उभा असलेला कुणीतरी मोठा दिसतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं. पोट्टं मागच्या सीटवर. संध्याकाळी मोबाईल त्याच्या खिशात जातो, पोराच्या हाती पाचशेची नोट, नाहीतर नुसता खर्रा आणि चायनीजची प्लेट. वर धीर देतो, "तुले काही नाही होत बे, तू अठराच्या आतला आहे." तुम्ही म्हणता तसं वय सोळावर आणलं, तर हाच माणूस चौदाचं पोरगं शोधेल. शाळा सुटलेली, बाप दिवसभर कामावर, अशी पोरं त्याला गल्लीतच सापडतात.

अठराच्या आतल्या पोराला गुन्ह्याच्या कामाला लावणाऱ्यासाठी न्याय संहितेत कलम ९५ आहे, ३ ते १० वर्षांची कैद. चोरीचा माल घेणाऱ्यावर कलम ३१७. (तुम्ही जोडलेला पोराचा फोटो मी काढून टाकलाय. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख छापणं गुन्हा आहे, तुमच्यावरच केस व्हायची.)

बहिणीला घेऊन ठाण्यात जा. तो फोन शेवटी कुणी विकत घेतला आणि त्या दिवशी गाडी कुणाची होती, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज लिहायला मी मदत करते.