शुक्रवारी लागला, शनिवारी ‘ब्लॉकबस्टर’!

शुक्रवारी सिनेमा लागला. शनिवारी पोस्टरवर ‘ब्लॉकबस्टर’, रविवारी ‘सुपरडुपर हिट’. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर धावतपळत गेलो, तर खेळ रद्द. प्रेक्षक तिघंच! पैसे परत दिले, आणि बाहेर पडताना दारावर तेच पोस्टर, ‘तुफान गर्दीत सुरू’.

अरे, या शब्दांना अर्थ आहेत! हिट म्हणजे घातलेला पैसा सुटून वर चांगला नफा झाला तो सिनेमा. तेवढ्याच कमाईत दोन कोटींचा सिनेमा तरतो आणि वीस कोटींचा आपटतो. पण निर्मात्यांनो, तुम्ही खर्च सांगतच नाही. छापता तो आकडा ग्रॉसचा, म्हणजे जीएसटीसकट तिकीटखिडकीवरचा सगळा गल्ला. त्यातून कर गेला की नेट, मग थिएटरवाल्याचा वाटा, मग वितरकाचा. एवढं सगळं वजा व्हायच्या आधीच केक कापून मोकळे!

ब्लॉकबस्टर हा तर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचा शब्द, इमारतींची अख्खी रांग उडवणाऱ्या. तसा सिनेमा कधीतरीच येतो. २०१६ साली ‘सैराट’साठी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले होते, त्याला म्हणा ब्लॉकबस्टर. पूर्वी आठवडे मोजायचे. पंचवीस झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. दादा कोंडक्यांच्या नऊ रौप्यमहोत्सवी सिनेमांची गिनीज बुकात नोंद झाली, ती अशी आठवडे मोजून. लबाडी तेव्हाही चालायची, थिएटरचं भाडं भरून सिनेमा ओढत न्यायचे. पण पंचवीस आठवडे तरी लागायचे!

सगळ्यात डोकं फिरतं ते ‘स्लीपर हिट’ वाचून. सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या, मग एकानं दुसऱ्याला सांगत तिसऱ्या आठवड्यात गर्दी, त्याला म्हणतात स्लीपर हिट. परवा एका सिनेमाच्या जाहिरातीत तो शब्द पहिल्याच दिवशी होता! आणि खरोखर असा हळूहळू चढणारा मराठी सिनेमा येतो, तेव्हा मी घसा फोडून सांगतो, ‘अरे, हा खरंच चाललाय, जा.’ कोणी विश्वास ठेवत नाही, कारण दर शनिवारी हेच ऐकलेलं असतं. दुसऱ्या शुक्रवारी त्याच्या वाट्याला सकाळी नऊचा एक खेळ उरतो.

खर्च किती, नेट किती, दुसऱ्या सोमवारी खेळ किती उरले, हे तीन आकडे छापा. नाही जमत, तर पोस्टरवर नटांची नावं टाका आणि तिथेच थांबा.