‘माशांची सरळ इंग्रजी नावं द्यायला काय झालं?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

व्हेनिसमधल्या रिआल्तो मासळीबाजाराच्या आमच्या फेरीला आपण दोन तारे दिलेत. फेरीत दिलेल्या कार्डावर माशांची इटालियन नावं ठळक आणि इंग्रजी बारीक, काहींपुढे तर इंग्रजी नावच नाही, ही आपली मुख्य तक्रार. सविस्तर लिहिलंत, म्हणून तितकंच सविस्तर सांगतो.

‘सी बास’ वाचून आपल्याला जिताड्याची चव अपेक्षित होती. जिताडा, म्हणजे गोव्यातला चोणक, आपल्याकडच्या हॉटेलांत सी बास म्हणूनच वाढतात. पण त्याचं शास्त्रीय नाव लेटेस कॅल्केरिफर. इथला ‘सी बास’, म्हणजे ब्रान्झिनो, हा डायसेंट्रार्कस लॅब्रॅक्स, मासाच वेगळा. आपली निराशा झाली ती इंग्रजी नावावर विसंबल्यामुळे, आणि नेमकं हेच टाळायला आम्ही ते बारीक छापतो. रोमला आपण मागवलेला स्पिगोला ब्रान्झिनोच निघाला, हे खरंच आहे. उत्तरेत ब्रान्झिनो, मध्य आणि दक्षिण इटलीत स्पिगोला. कार्डाच्या मागच्या बाजूला ही जोडी दिलेली आहे.

‘ब्रीम’चं तर विचारूच नका. ओराटा, सारागो, पाजेल्लो, मोर्मोरा या सगळ्यांवर इंग्रजीत तोच शिक्का बसतो. ओराटाच्या डोळ्यांमध्ये सोनेरी पट्टा असतो, मोर्मोराच्या अंगावर उभे पट्टे, आणि चवही एकसारखी नाही. ‘मलेट’ म्हटलं तर त्रिल्या की चेफालो? पहिला छोटा, लालसर, नाजूक मांसाचा. दुसरा करडा, ज्याची गाबोळी खारवून, वाळवून बोत्तार्गा करतात. दोघांची कुळंसुद्धा वेगळी.

बक्कालापुढे ‘सॉल्ट कॉड’ का नाही, असंही आपण विचारलंत. कारण व्हेनिसमध्ये ते चुकीचं ठरलं असतं. इतरत्र बक्काला म्हणजे खारवलेला कॉड. इथे मात्र तेलात घोटून मऊसूत केलेला बक्काला मान्तेकातो स्तोक्काफिस्सोचा होतो, आणि तो मीठ न लावता वाऱ्यावर वाळवलेला कॉड असतो, नॉर्वेहून येणारा. मोएकेपुढे इंग्रजी नाव नाही, पण मराठीत पूर्ण ओळ आहे: नुकतंच कवच टाकलेले, अजून मऊ असलेले खाजणातले खेकडे, फक्त वसंतात आणि शरदात. जेवणाऱ्याला हीच माहिती लागते असं मला मनापासून वाटतं.

शिवाय बाजारातल्या पाटीवर जे लिहिलेलं असतं, तेच कार्डावर असायला हवं. युरोपीय संघाच्या 2013 च्या नियमानुसार तिथे माशाचं त्या देशातलं व्यापारी नाव आणि शास्त्रीय नाव द्यावंच लागतं. ‘पेस्कातो’ की ‘आल्लेवातो’, म्हणजे पकडलेला की शेततळ्यातल्या माशांसारखा पाळून वाढवलेला, हेही तिथेच कळतं. ब्रान्झिनो आणि ओराटा घेताना ते आधी बघा, भावातला फरक त्यामुळेच असतो.

म्हणून इंग्रजी नावं बारीकच राहतील. आपण पुढे सिसिलीला जाणार आहात. तिथल्या एखाद्या मेनूत लाम्पुगापुढे ‘डॉल्फिन फिश’ असं भाषांतर दिसलं तर घाबरू नका. त्याचा डॉल्फिनशी काही संबंध नाही, तो मासाच आहे, आणि शरदात गेलात तर ताजा मिळेल. जरूर मागवा.