साठ संदर्भांची झटपट कृती

साहित्य : एक लॅपटॉप, वसतिगृहाचं रडतखडत चालणारं वायफाय, संदर्भसूची आपोआप बनवून देणारं झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर आणि ‘उद्या अकराला प्रबंध टेबलावर पाहिजे’ म्हणणारे सर. बाकीचं साहित्य, म्हणजे पुस्तकं वगैरे, लागत नाही.

पूर्वी लोक आधी पुस्तक वाचत, मग कार्डावर टिपण काढत आणि ती कार्डं बुटांच्या खोक्यात भरून ठेवत. खोकं भरेपर्यंत संशोधकाची मुलं शाळेत जायला लागत. तुम्हाला एवढा वेळ नाही. झोटेरोत जादूच्या कांडीचं चित्र आहे. तिथे पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा छापील क्रमांक, चिकटवा, एंटर मारा. लेखक, प्रकाशक, वर्ष सगळं आपसूक हजर. पुस्तक हातात हवं अशी अट नाही. आकडा पुस्तकविक्रीच्या साइटवरून उचललात तरी कांडी चौकशी करत नाही. 2006 साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या मंडळींनी झोटेरो फुकट वाटायला काढलं आणि नाव बेतलं ते अल्बेनियनमधल्या ‘प्रभुत्व मिळवणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून. भाबडे लोक!

आता मुख्य पथ्य. यंत्राने भरलेलं तपासायचं नाही. यंत्राला वाटतं, जगातल्या प्रत्येक लेखकाला आडनाव असतंच. त्यामुळे ‘महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ’ हे नाव रोमन लिपीत ओतलंत की शेवटचा शब्द आडनाव ठरतो आणि संदर्भ लिहिण्याची ‘एपीए’ शैली (आधी आडनाव, मग आद्याक्षरं) निवडताच सूचीत ‘मंडल, एम. आर. एम. व्ही. एन.’ हे गृहस्थ अवतरतात. आद्याक्षरं दाक्षिणात्य, आडनाव बंगाली. राष्ट्रीय एकात्मताच म्हणा. लेखकाच्या रकान्याशेजारी एक छोटी खूण असते, ती दाबली की नावाचे दोन कप्पे एक होतात आणि संस्था संस्थाच राहते. तिच्याकडे बघूही नका.

जुन्या पुस्तकावर ‘शके 1820’ छापलेलं असेल, तर वर्षाच्या रकान्यात सरळ 1820 ठोका. त्यात 78 मिळवणं ही नसती उठाठेव. पेशवाई बुडून दोनच वर्षं झालेली असताना हा लेखक आगगाडीतून प्रवास कसा करतो, हा प्रश्न ज्याने पुस्तक वाचलंय त्याला पडेल. तुम्हाला पडायचं काही कारण नाही.

वेबपान जोडताना लेखकाच्या जागी ‘अ‍ॅडमिन’ आणि शीर्षकाच्या जागी ‘होम’ आलं तर येऊ द्या. त्याला मोठी परंपरा आहे. शोधनिबंध शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरने एकेकाळी ‘प्लीज लॉगिन’ या पाटीतून ‘पी. लॉगिन’ आणि ‘फरगॉट पासवर्ड’मधून ‘एफ. पासवर्ड’ असे विद्वान जन्माला घातले होते. पेटर याचो नावाच्या अभ्यासकाने 2009 मध्ये ही भुतं चव्हाट्यावर आणली. असतात एकेकाला उद्योग.

त्याहून थोर उदाहरण व्हॅन डर गीर यांचं. संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एका बड्या प्रकाशकाने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये त्यांचा 2000 सालचा एक लेख नमुना म्हणून दिला होता. तो लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. तरी शोधनिबंधांच्या सूच्यांमध्ये तो जवळपास 400 वेळा सापडला! आपण वर्षानुवर्षं राबून लिहिलेल्या खऱ्या लेखाला चार संदर्भ मिळाले तर पेढे वाटतो.

आणि घाबरायचं कुणाला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि साम्य मोजताना संदर्भसूची वगळलेलीच असते. म्हणजे ही पानं यंत्र मोजत नाही, गाईड चाळत नाहीत, आणि तुम्ही तर ती लिहिलेलीही नाहीत. फक्त शेवटी सगळ्या नोंदींचा फॉन्ट एक करून घ्या. फॉन्ट मात्र बघतात.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक एखादे वेळी सूचीवर बोट ठेवून विचारतील, ‘‘या मंडलांशी तुम्ही कितपत सहमत आहात?’’ गडबडू नका. ‘‘सर, भूमिका पटते, पण पद्धत जरा जुनी वाटते,’’ असं म्हणा. ते मान डोलावतील. मंडल त्यांच्याही प्रबंधात आहेत.