वेलनेस आणायचंय? आधी घर रिकामं करा

वेलनेस रोजच्या जगण्याचा भाग करायचं तुम्ही मनावर घेतलंय, छान झालं. पण घर भरलेलं असताना नवं कपाट आणून ठेवणार कुठे? आधी जागा करावी लागते. आपल्या गोव्यात तर जास्तच, कारण आज्या-पणज्यांनी दिवसभरात दिसेल त्या कोपऱ्यात आरोग्य कोंबून ठेवलंय.

सुरुवात पेजेपासून करा. सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळांची ऊन पेज, सोबत मिठातली तोरं, नाहीतर भाजलेला खारा बांगडा. भात सालासकट उकडला की सालीजवळचं ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. आजीला हे माहीत नव्हतं, तिला फक्त भूक लागलेली असायची. ही सवय मोडणं अगदी सोपं आहे. ऑफिसात एकदा पेजेचा डबा उघडून बघा. "बरं नाही का?" असं तिघांनी विचारलं की चौथ्या दिवशी तुम्ही आपोआप क्रीमच्या बिस्किटांवर याल. मग पाच-सात वर्षांनी मांद्र्याला जायचं. तिथे तीच पेज करवंटीत येते, वर भोपळ्याच्या बिया पेरून, साडेचारशे रुपयांना. मी प्यायलोय. मीठ कमी होतं, पण मागायचा धीर झाला नाही. शेजारच्या टेबलावरची बाई डोळे मिटून घोट घेत होती.

दुपारच्या झोपेचाही असाच बंदोबस्त करा. एक वाजता दुकानाचं शटर ओढून आडवं व्हायचं आणि साडेतीनला चहा पिऊन पुन्हा गल्ल्यावर बसायचं, याला लोक सुशेगाद म्हणून हसतात. आपणही हसावं, आणि दुकान दिवसभर उघडं ठेवावं. मग संध्याकाळी योगनिद्रेच्या वर्गाला नाव घालावं. तिथेही आडवंच व्हायचं असतं, फक्त कोणीतरी हळू आवाजात "झोपू नका" असं सांगत असतं. पैसे त्याचे.

चालण्याचं मात्र जरा बारकाईने बघू, कारण इथे आपली प्रगती खरोखर दृष्ट लागण्यासारखी आहे. भाजी आणायला स्कूटर काढायची. पोदेर पों पों करत दारापर्यंत पोई घेऊन येतो, त्याच्यासाठी गेटपर्यंत जाणंही पाव ॲपवर मागवून वाचवता येतं. अशी वाचवलेली सगळी पावलं संध्याकाळी एकरकमी मिरामारच्या किनाऱ्यावर खर्च करायची. घरापासून मिरामारपर्यंत अर्थातच गाडीने. पार्किंगसाठी वीस मिनिटं गोल गोल फिरायचं आणि मग दहा हजार पावलं. दहाच का, असं विचारू नका. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' ठेवलं. जाहिरातीतला आकडा आपण व्रतासारखा पाळतो, आणि उद्यापनाला गाड्यावर रस-आम्लेट खातो. आम्लेटाबरोबर पोईच घ्यावी, कोंड्याची असते.

एकवीस जूनला मात्र हजर राहायचंच. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली हा दिवस योगासाठी ठरवला, तेव्हा आपल्याकडच्या पावसाचा विचार झाला असावा असं वाटत नाही. त्यामुळे आपण ओली छत्री कोपऱ्यात ठेवून सभागृहात वृक्षासन करतो, फोटो निघेपर्यंत. तीनच दिवसांनी, चोवीसला, सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून पोरं भरलेल्या विहिरीत धडाधड उड्या घेतात. त्यात तुम्ही पडू नका. थंड पाण्यात बसायची सोय आता किनारपट्टीवर टबातही झालीये, बर्फ आणि मार्गदर्शक धरून.

ही जागा करायची मोहीम आपल्याकडे बरीच पुढे गेली आहे, काळजी नसावी. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे बघा: मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. इतकी मोकळी जागा दुसऱ्या कोणत्याच राज्याकडे नाही.

शेवटी, घड्याळ घ्याच. माझं मनगटावर गुरगुरून "आता श्वास घ्या" म्हणतं. परवा फोंड्याजवळ गावी गेलो होतो, तेव्हा गंमत म्हणून सकाळी ते आईच्या हातात बांधलं. ती कुळागरात गेली, पाटाचं पाणी वळवलं, पडलेल्या सुपाऱ्या वेचल्या, झावळं ओढत अंगणात आणली, वाटेत शेजारणीशी भांडून तिच्याकडूनच अळूची पानं घेऊन आली. अकरा वाजता पेजेचं ताट पुढ्यात घेतलं तेव्हा घड्याळ गुरगुरलं.

"फोन आयलो रे," म्हणत तिने हात पुढे केला.

फोन नव्हता. कसला व्यायाम केला ते निवडा, असं ते विचारत होतं. यादीत पोहणं होतं, पिलाटेस होतं, बर्फावरून घसरणंसुद्धा होतं. झावळं ओढणं नव्हतं. मी 'इतर' दाबलं. लगेच हिरवं वर्तुळ पूर्ण झालं आणि माझ्या नावाने अभिनंदन आलं.

ते मी स्टेटसला ठेवलं. दुपारपर्यंत एकतीस जणांनी अंगठा दिला.