भांडेवाडीचं पाणी आणि आमचा कट्टा

विषय निघाला तो नागपूरच्या नाग नदीच्या वासावरून. मास्तर म्हणाले, "एकट्या सरकारच्यानं पर्यावरण सांभाळणं होत नाही. कंपन्यांना सोबत घ्यावंच लागते."

वकील उसळला. "सोबत घ्या म्हणजे नफा त्यांचा आन् बोजा आपल्यावर!"

"तू भांडेवाडीला गेला का बे कधी?" इंजिनियरनं विचारलं.

"कचऱ्याचा डोंगर पाहायला?"

"त्याच्या बाजूला सांडपाण्याचा प्लांट आहे, तो पाहायला."

मग तो सुरूच झाला. नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात 660 मेगावॅटचे तीन संच. औष्णिक केंद्र म्हटलं की थंड करायला बक्कळ पाणी हवं, आणि शहर पितं तेही बहुतेक पेंच नदीचंच. म्हणून 2008 साली महापालिका आणि महानिर्मिती, म्हणजे राज्य सरकारची वीज बनवणारी कंपनी, यांचा करार झाला. महापालिकेनं शहराचं मैलापाणी द्यायचं, महानिर्मितीनं रोज 13 कोटी लिटरचा शुद्धीकरण प्लांट उभारून ते कोराडीला न्यायचं. खर्च साधारण 195 कोटी, त्यातले 90 कोटी जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेतून. वर महापालिकेला वर्षाला पंधरा कोटींच्या आसपास मिळणार, तेही घाण पाण्याचे!

"पण दोन्हीकडं सरकारच ना बे? या खिशातलं त्या खिशात. यात बिझनेस कुठं आला?" वकिलाचा हा मुद्दा बिनतोड होता. (तो कोर्टात इतका नीट बोलत असेल असं वाटत नाही.)

"आला ना, दुसऱ्या टप्प्यात. 20 कोटी लिटरचा प्रकल्प विश्वराज या खासगी कंपनीनं केला. पाण्याला महानिर्मितीसारखं पक्कं गिऱ्हाईक होतं, म्हणून त्यांनी पैसा लावला."

"गिऱ्हाईक पक्कं कारण नियम आहे," वकील म्हणाला. "2016 च्या वीजदर धोरणात लिहिलंय, 50 किलोमीटरच्या आत सांडपाण्याचा प्लांट असेल तर औष्णिक केंद्रानं तेच पाणी वापरायचं."

"पहिला करार त्याच्या आठ वर्षं आधीचा आहे."

मास्तरांनी मध्येच 2012 काढलं. शहराचा पाणीपुरवठा 25 वर्षांसाठी खासगी कंपनीकडं गेला, चोवीस तास पाण्याचं आश्वासन होतं, बिलांवरून आंदोलनं झाली. तीही भागीदारीच. मग एकीचं कौतुक आणि दुसरीवर मोर्चे, असं काऊन?

इथं मला बोलावंसं वाटलं. कोराडीवाल्यांकडं स्वतःचे इंजिनियर आहेत, प्रयोगशाळा आहे. पाणी खराब आलं तर ते करारावर बोट ठेवून भांडू शकतात. नळधारकाच्या हाती फक्त बिल असतं. तो ना दुसरीकडून पाणी घेऊ शकत, ना करार वाचायला जात. घासाघीस करणारा गिऱ्हाईक जिथं आहे तिथंच अशी भागीदारी सरळ चालते.

"म्हणजे माझंच म्हणणं," वकील.

"अर्धं," इंजिनियर.

मास्तर पेंचवरच्या तोतलाडोह धरणावर आले. 2019 च्या जुलैत धरण आटलं आणि नागपूरला दिवसाआड पाणी आलं. "कोराडीचं एवढं पाणी वाचत होतं, तर ते गेलं कुठं?"

इंजिनियर म्हणाला, वाचलं म्हणूनच तेवढं तरी आलं. पाऊसच नसेल तर करार काय करणार?

"मग हिशेब छापा," वकील म्हणाला. "दरवर्षी पेंचचं किती पाणी वाचलं, त्यातलं शहराला किती आणि शेतीला किती. पंधरा कोटी मोजता येतात, तर हे काऊन नाही?"

त्यावर इंजिनियर काही बोलला नाही. मास्तरांनी मात्र लगेच, हा हिशेब महापालिकेनं छापायचा की पाटबंधारे खात्यानं, असा नवा वाद लावून दिला.